बंद पडलेलं हृदय आणि नववीचा वर्ग

रक्त हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुप्फुसांत जातं आणि तिथून डाव्या बाजूला येतं, हे इब्न अल-नफीस यांनी तेराव्या शतकात लिहून ठेवलं. हार्वेचं पुस्तक १६२८ चं. आपल्या सभांमधून हे मोठ्या अभिमानाने सांगितलं जातं, मीही वर्गात सांगतो. पुढचा भाग मात्र सहसा गाळला जातो. ती नोंद शतकानुशतकं हस्तलिखितांत पडून राहिली. १९२४ मध्ये अल-ततावी नावाच्या इजिप्शियन डॉक्टरने जर्मनीत त्यावर प्रबंध लिहिला, तेव्हा कुठे जगाचं लक्ष गेलं.

माहिती खरी, पण लोकांच्या हाती नाही. सीपीआरचंही काही काळ असंच झालं. १९६० मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये कौवेनहोव्हेन, ज्यूड आणि निकरबोकर यांनी दाखवून दिलं की छाती न उघडता, नुसती बाहेरून दाबूनही रक्त फिरतं ठेवता येतं. (यातले कौवेनहोव्हेन डॉक्टर नव्हे, इलेक्ट्रिकल इंजिनिअर!) दोन हात पुरतात, असं त्यांचं म्हणणं. तरीही अमेरिकेत ते बरीच वर्षं दवाखान्यातल्या माणसांपुरतंच राहिलं. सामान्य लोकांना शिकवा, ही अधिकृत शिफारस यायला १९७४ उजाडलं.

नॉर्वे मात्र थांबला नाही. तिथे १९६१ मध्येच हे शाळेत आलं. सरावाची बाहुली बनवली ती ऑसमुंड लेर्डाल या खेळणी करणाऱ्या कारखानदाराने. त्याने स्वतःच्या लहान मुलाला बुडताना वाचवलं होतं. डेन्मार्कने २००५ मध्ये शाळांना सक्ती केली, इंग्लंडने २०२० मध्ये.

आणि आपण? माझ्या बी.एड.च्या वर्षात पाठ टाचण काढायला शिकवलं, हे नाही. २७ ऑगस्ट २००३ ला इथे नाशकात कुंभमेळ्याच्या चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली. त्या दिवशी सीपीआरने किती वाचले असते, ते मी सांगू शकत नाही. पण पुढचा सिंहस्थ दारात आहे, आणि गोदावरी तर बारा महिने वाहते.

म्हणून वर्गात विषय काढला. छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान पाच सेंटिमीटर खोल दाबायचं, आणि त्याआधी कुणाला तरी १०८ ला फोन करायला सांगायचं. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "सर, ना-महरम असेल तर?" म्हणजे परका पुरुष असेल तर हात लावावा का. कुणी हसलं नाही. प्रश्न तिच्या एकटीचा नव्हता. रस्त्यात बाई कोसळली तर मुलगेही मागेच सरकतील.

मी सांगितलं, जीव वाचवण्याची वेळ म्हणजे 'जरूरत', आणि फिक्हमध्ये जरूरतीचा हुकूम वेगळा असतो. इब्न अल-नफीस कैरोत वैद्यकी करत आणि शाफई फिक्हही शिकवत, हेही सांगितलं. अचानक हृदय बंद पडलेल्या मोठ्या माणसाला, शिकलेला कुणी जवळ नसेल तर, नुसतं दाबलं तरी चालतं. बुडालेल्याला मात्र तोंडाने श्वासही द्यावा लागतो. गोदाकाठच्या मुलांना दोन्ही यायला हवं, आणि ते माझ्यासारख्या भाषेच्या मास्तरकडून नको, बाहुली घेऊन येणाऱ्या प्रशिक्षकाकडून हवं.

तसा अर्ज मी मुख्याध्यापकांकडे दिला आहे. दुसऱ्या दिवशी त्या मुलीने विचारलं, "सर, बाहुली कधी येणार?"