टाइप वन मधुमेह असलेल्या मुलाने सणावाराला काय खायचं? पुरणपोळी, तिळगूळ, आमरस आणि इन्सुलिनचा हिशोब

घरातल्या मुलाला किंवा मुलीला टाइप वन मधुमेह निघाला की पहिली कुऱ्हाड पडते ती ताटावर. साखर बंद, गूळ बंद, भात बंद, आंबा बंद. आजी वेगळं ताट वाढते, शेजारीण "त्याला देऊ नका गं" म्हणून हात आखडते. हे सगळं मायेपोटीच होतं. पण टाइप वनमध्ये मुलाचं खाणं तोडून भागत नाही. ते काय आणि किती खाणार ते मोजायचं आणि त्या मापाचं इन्सुलिन द्यायचं, असा हा आजार आहे. एवढी गोष्ट घरात कळली नाही तर मूल एक तर अर्धपोटी राहतं, नाही तर चोरून खातं. चोरून खाल्लेल्याचं इन्सुलिन कोणी देत नाही आणि शुगर का वाढली ते घरच्यांना कळत नाही.

हा मधुमेह वेगळा आहे

गावात ज्याला सगळे 'शुगर' म्हणतात तो बहुतेक वेळा टाइप टू असतो. तो साधारणपणे मोठ्या वयात होतो. त्यात शरीरात इन्सुलिन तयार होतं, पण ते नीट काम करत नाही किंवा पुरत नाही. टाइप वनचं तसं नाही. यात शरीराचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. त्यामुळे इन्सुलिन बाहेरून घ्यावंच लागतं, रोज आणि आयुष्यभर. हा आजार जास्त गोड खाल्ल्याने होत नाही. आईबापाच्या चुकीमुळेही होत नाही.

खूप तहान लागणे, सारखी लघवी होणे, मोठं झालेलं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागणे, खाऊनही वजन उतरणे आणि गळून जाणे ही त्याची लक्षणे. अशी लक्षणे दिसली तर त्याच दिवशी दवाखान्यात नेऊन शुगर तपासावी.

कॅनडातील टोरांटो येथे १९२१ मध्ये फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे करण्यात यश मिळवले. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन देण्यात आले. त्याआधी डॉक्टरांच्या हातात एकच इलाज होता, मुलाला जवळपास उपाशी ठेवणे. त्याने मूल थोडे दिवस जास्त जगायचे, पण वाचायचे नाही. म्हणजे 'सगळं बंद' हा इलाज शंभर वर्षांपूर्वीचा, इन्सुलिन नव्हतं तेव्हाचा आहे.

मोजायचं ते कार्ब

अन्नातली कर्बोदके म्हणजे कार्ब. रक्तातली शुगर मुख्यतः त्यानेच वाढते. साखर आणि गुळात ते असतंच, पण भाकरी, चपाती, भात, पोहे, साबुदाणा, बटाटा, फळं आणि दूध यांतही असतं. "गोड खाल्लं नाही तरी शुगर वाढली कशी?" याचं उत्तर बहुतेक वेळा भाताच्या ढिगात सापडतं.

घरातल्या पदार्थांचा साधारण अंदाज असा:

- २५ ग्रॅम कणकेचा लहान फुलका: १५ ते १८ ग्रॅम कार्ब
- ६० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी: सुमारे ४० ग्रॅम
- शिजलेला भात १०० ग्रॅम (मध्यम वाटी): सुमारे २८ ग्रॅम
- साखर न घातलेलं एक कप (२०० मिली) दूध: सुमारे १० ग्रॅम
- मध्यम केळ: सुमारे २५ ग्रॅम
- साखर न घातलेला वाटीभर आमरस: २० ते २५ ग्रॅम
- चहातली दोन चमचे साखर: ८ ते १० ग्रॅम
- उसाच्या रसाचा ग्लास: ३० ग्रॅमच्या आसपास
- उकडलेलं अंडं, मासे, मटण, काकडी, पालेभाजी: फारच कमी

गावाकडची चपाती आणि भाकरी शहरातल्या फुलक्यापेक्षा मोठी असते. म्हणून एकदा दुकानातल्या काट्यावर पीठ तोलून बघावं. आपल्या घरी किलोभर पिठात किती भाकरी होतात ते मोजलं तरी हिशोब लागतो. किलोत १२ झाल्या तर एका भाकरीला ८० ग्रॅमच्या वर पीठ लागतं. म्हणजे वरच्या यादीतल्या भाकरीपेक्षा ती बरीच जड झाली. हे माप भिंतीवर किंवा मोबाइलमध्ये लिहून ठेवावं.

गूळ, मध, खडीसाखर, खजूर यांना 'चालतं' म्हणायची पद्धत आहे. टाइप वनच्या हिशोबात तीही साखरच आहे. 'शुगर फ्री' लिहिलेल्या बिस्किटातही मैदा असतो. पुडा उलटा करून कार्बचा आकडा वाचावा.

सणाचा पदार्थ बसवायचा कसा

घरी केलेल्या गोडाचा हिशोब कढईत घालतानाच करता येतो. अर्धा किलो गूळ आणि पाव किलो तीळ घेऊन ५० लाडू वळले, तर एका लाडवात १० ग्रॅम गूळ गेला. म्हणजे साधारण १० ग्रॅम कार्ब. संक्रांतीला मुलाने दोन लाडू खाल्ले तर २० ग्रॅम. बरोबर एका मध्यम केळापेक्षा थोडं कमी.

पुरणपोळीचंही तसंच. पाव किलो हरभरा डाळ, पाव किलो गूळ आणि २०० ग्रॅम कणकेत १० पोळ्या झाल्या, तर एका पोळीत ५० ग्रॅमच्या आसपास कार्ब येतं. म्हणजे एक पुरणपोळी तीन फुलक्यांच्या बरोबरीची. होळीला मुलाला एक पोळी, कटाची आमटी आणि भाजी वाढली आणि भात वगळला, तर त्याचं जेवण रोजच्या मापात बसतं आणि सणही होतो. मात्र दोन पोळ्या, वर भात आणि कुरडई, आणि इन्सुलिन रोजचंच, असं झालं की रात्री शुगर चढते. पोळीवर तूप भरपूर असेल तर ती उशिरा चढते. म्हणून सणाच्या दिवशी झोपण्याआधी एकदा जास्तीची तपासणी करावी.

जेवणागणिक इन्सुलिन घेणाऱ्यांना डॉक्टर प्रमाण ठरवून देतात. समजा १० ग्रॅम कार्बला १ युनिट असं सांगितलं असेल, तर ५० ग्रॅमच्या पोळीला ५ युनिट. हा आकडा फक्त हिशोब समजावा म्हणून दिला आहे. प्रत्येक मुलाचं प्रमाण वेगळं असतं आणि एकाच मुलाचं सकाळ-संध्याकाळचंही वेगळं असू शकतं. शेजारच्या मुलाचा डोस आपल्या मुलाला लावू नये.

ज्यांना ठरलेला डोस आहे, त्यांनी अदलाबदल करावी. गोड वाढवलं तर तेवढ्याच कार्बचा भात किंवा चपाती कमी. मिक्स इन्सुलिन दिवसातून दोनदा घेणाऱ्यांनी जेवणाची वेळ चुकवू नये. सकाळी टोचलेलं इन्सुलिन दुपारीही काम करत असतं. दुपारचं जेवण राहिलं तर शुगर खाली जाते.

लग्नाच्या पंगतीत

लग्नात मुहूर्त लांबतो, पंगत लांबते. म्हणून ताट समोर आल्याशिवाय जेवणाचं इन्सुलिन घेऊ नये. साधं रेग्युलर इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं असतं, तर जलद काम करणारं १० ते १५ मिनिटं आधी. कार्यक्रमात जेवण नेमकं कधी मिळेल याची खात्री नसेल तर काय करायचं ते आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं.

उपवासाचं ताट हलकं असतं हाही गैरसमज आहे. ५० ग्रॅम कोरड्या साबुदाण्याच्या खिचडीत ४० ग्रॅमच्या वर कार्ब जातं, त्यात बटाटा वेगळा. आणि काहीच न खाता, निर्जळी उपवास करणं टाइप वनमध्ये जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास धरू नये.

साखर हेच औषध होतं तेव्हा

हात थरथरणे, घाम येणे, एकदम भूक लागणे, चिडचिड, डोळ्यापुढे अंधारी, बोलणं तुटक होणे. शुगर ७०च्या खाली गेल्याची ही लक्षणे. या वेळी "तुला साखर चालत नाही" म्हणणारा माणूस मुलाचा घात करतो. ताबडतोब साखर द्यायची.

मोठ्या माणसाला १५ ग्रॅम, म्हणजे साखर किंवा ग्लुकोज पावडरचे तीन-चार सपाट चमचे पाण्यात विरघळवून. ३० किलो वजनाच्या मुलाला ९ ग्रॅम म्हणजे दोन चमचे पुरतात. १५ मिनिटे थांबून पुन्हा तपासावं. अजून ७०च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच द्यावं. शुगर वर आली आणि जेवणाला वेळ असेल तर अर्धी चपाती किंवा दोन बिस्किटं खायला द्यावीत. चॉकलेट, पेढा किंवा लाडू देऊ नये, त्यातल्या तुपा-तेलामुळे साखर उशिरा लागू पडते. 'डाएट' कोल्ड्रिंकचा तर काहीच उपयोग नाही, त्यात साखरच नसते.

मूल बेशुद्ध असेल किंवा गिळत नसेल तर तोंडात पाणी, साखर काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. कुशीवर वळवावं, घरात ग्लुकागॉनचं इंजेक्शन असेल तर शिकवल्याप्रमाणे द्यावं आणि १०८ ला फोन करावा.

कापूस वेचणी, कांदा काढणी, खळ्यावरचं काम, कबड्डी किंवा विहिरीतलं पोहणं यानेही शुगर उतरते, कधी कधी त्याच रात्री झोपेत उतरते. कष्टाच्या दिवशी कामाआधी शुगर बघावी, मधे काहीतरी खावं आणि खिशात ग्लुकोजची पुडी ठेवावी. शेतात एकट्याने जाऊ नये. बरोबरच्या माणसाला 'लो'ची लक्षणे सांगून ठेवावी.

खाणं बंद झालं तरी इन्सुलिन बंद नाही

सर्वांत जास्त घात होतो तो इथे. मुलाला ताप आला, उलट्या झाल्या, जेवण गेलं, म्हणून घरचे इन्सुलिन थांबवतात. आजारपणात शुगर न खाताही वाढते. डोस कमी-जास्त करावा लागेल, पण तो डॉक्टरांना फोनवर विचारून. पूर्ण बंद कधीच नाही. इन्सुलिन थांबलं की शरीर चरबी जाळायला लागतं आणि रक्तात किटोन नावाचं आम्ल साठतं. पोटदुखी, उलट्या, खोल आणि जोरात श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, सुस्ती ही त्याची लक्षणे. अशा वेळी घरी थांबू नये, थेट मोठा दवाखाना गाठावा.

झाडपाला, काढा, चूर्ण घेऊन इन्सुलिन सोडवून देतो म्हणणारे भेटतात. टाइप वनमध्ये इन्सुलिनला पर्याय असलेलं कोणतंही चूर्ण नाही. कारल्याचा रसही नाही. त्या नादात इन्सुलिन सुटलं तर थोड्याच दिवसांत जीव जाऊ शकतो.

मोजून खाऊनही शुगर चढत असेल तर इन्सुलिनची बाटलीही तपासावी. उन्हात राहिलेलं किंवा बर्फ झालेलं इन्सुलिन निकामी होतं. फ्रिज नसेल किंवा लाइट जात असेल तर ओल्या मातीच्या मडक्यात, सावलीत, बाटली कोरडी राहील अशी ठेवावी.

शाळेत आणि पाहुण्यांत

वर्गात मधेच खावं लागणं, लघवीला जावं लागणं, शुगर तपासावी लागणं हा या मुलांचा हट्ट नसतो, ती त्यांची गरज असते. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना कळवले आहे की टाइप वनच्या मुलांना वर्गात डबा खाण्याची, शुगर तपासण्याची आणि इन्सुलिन घेण्याची मुभा असावी. पालकांनी वर्गशिक्षकांना एका कागदावर लिहून द्यावं: लोची लक्षणे, काय द्यायचं, किती द्यायचं, कोणाला फोन करायचा. ग्लुकोजचा डबा शिक्षकांच्या टेबलात असावा.

शाळेत कुणाचा वाढदिवस असला आणि मुलाने चॉकलेट घरी आणलं, तर ओरडू नये. ते जेवणाबरोबर मोजून द्यावं. ज्या घरात खरं सांगितल्यावर रागावत नाहीत, तिथलं मूल काय खाल्लं ते सांगतं, आणि ते सांगतं म्हणूनच डोस बरोबर बसतो.

पाहुण्यांनी एवढंच करावं. सगळ्यांसमोर "याला चालतं का हो?" असं विचारू नये. मुलाच्या आईला हळूच विचारावं, किती वाढू?