रोध व विद्युत् शक्ती : गणन
विद्युत् दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो. दोहोंचा गुणाकार म्हणजे शक्ती. पहिला संबंध जर्मन भौतिकीविज्ञ ओहम यांनी १८२७ मध्ये मांडला. २३० व्होल्टवर १,००० वॉटची इस्त्री सुमारे ४.३५ अँपिअर घेते, रोध ५२.९ ओहम. दाब १८० व्होल्टवर उतरला, तर शक्ती जेमतेम ६१२ वॉट उरते, कारण ती दाबाच्या वर्गाप्रमाणे बदलते. टंगस्टन दिव्याची तार फसवी : थंड असताना मोजलेला तिचा रोध तापल्यावरच्या रोधाच्या दशांशाच्या आसपास भरतो. चांदी धातूंमध्ये सर्वांत कमी रोधाची; तरी वायरिंग तांब्याचेच, कारण फरक पाच-सहा टक्क्यांचा आणि भाव कैकपट. पंखा, मोटर यांच्यासाठी नुसता गुणाकार पुरत नाही. शक्तिगुणकानेही (पॉवर फॅक्टरने) गुणावे लागते.