फराहबाग

उपवनाची आखणी हीदेखील राजकारणाची भाषा होऊ शकते, हे आपल्याकडील वाचकास प्रथम विचित्र वाटेल. परंतु अठराव्या शतकातील इंग्लंडात ती तशी झाली होती खरी. वॉलपोल प्रधानाच्या अबकारी विधेयकास विरोध केल्यामुळे १७३३ साली लॉर्ड कॉबमचे पलटणीवरील अधिकारपद गेले. त्याने आपला राग स्टो येथील बागेत दगडामातीने लिहून काढला. प्राचीन सद्गुणांचे मंदिर तेथे अभंग उभे होते. अर्वाचीन सद्गुणांचे मात्र मुद्दाम पडके बांधलेले, आणि त्यात शीर नसलेला एक पुतळा. तो वॉलपोलचाच, असे लोक समजत. पुढे १७४१ साली स्वातंत्र्यदेवीसाठी गॉथिक धाटणीचे मंदिर आरंभिले, कारण ती धाटणी जुन्या सॅक्सन स्वातंत्र्याची, अशी त्या पक्षाची समजूत. १७४४ पासून तर प्रेक्षकांकरिता छापील मार्गदर्शिकाही मिळू लागली. तात्पर्य, ही बाग लोकांनी वाचावी म्हणूनच रचलेली होती.

शिर्डीची यात्रा आटोपून नगरवरून परतणाऱ्यांनी या दृष्टीने तेथील फराहबाग अवश्य पाहावी. ही त्याहून दीडशे वर्षे जुनी, आणि हेतूने अगदी उलट. पहिल्या मुर्तझा निजामशाहाने, वऱ्हाड जिंकून देणाऱ्या चंगीझखान वजिरास चहाडखोरांच्या नादी लागून विष देवविले; खरे कळल्यावर तो पश्चात्तापाने एकांतात शिरला. त्या एकांताला साजेशी ही जागा: मोठ्या तलावाच्या मधोमध अष्टकोनी महाल, आणि सोबतीला बुद्धिबळाचा पट. न्यामतखानाने बांधलेला पहिला महाल राजास रुचला नाही. तो पाडून सलाबतखानाने १५८३ साली आजचा उभा केला. ही निव्वळ अभिरुचीची गोष्ट असेल, असे मला वाटत नाही. जो राजा दरबारात दिसतच नाही, त्याच्या एकांतवासाची सोय ज्याच्या हाती, राज्यही त्याच्याच हाती. सलाबतखानाने ते पुष्कळ चांगले चालविले, हे मान्य केले पाहिजे. आणि पुढे त्याच राजाचा हुकूम येताच तो निमूटपणे कैदेतही गेला. १५८८ साली राजास त्याच्या मुलाने हमामात कोंडून मारले.

आज तलाव कोरडा आहे. महाल जवळ गेल्यावाचून नजरेत भरत नाही. सलाबतखानाची तीन मजली, अष्टकोनी कबर मात्र शहराच्या पूर्वेस डोंगरमाथ्यावर कोसांवरून दिसते. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात.