नगरची खासदारकी जिभेने गेली होती

सावेडीकरांनो, १९९१ ची नगर लोकसभा आठवते? काँग्रेसचे यशवंतराव गडाख जिंकले, बाळासाहेब विखे हरले आणि कोर्टात गेले. प्रचारात आपल्या चारित्र्याबद्दल खोटं सांगितलं गेलं, ही तक्रार. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३(४) नेमकं यासाठीच आहे. हायकोर्टाने निवडणूक रद्द केली. १९९३ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ती रद्दच ठरवली. शरद पवारांवरचा ठपका तेवढा पुसला. पण मोठ्या नेत्यांना सुनावलंच: वरचे जसं बोलतात, तसंच खालचे बोलतात.

शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, ही बायबलमधली आज्ञा नगरच्या चर्चमध्ये मिशनच्या काळापासून शिकवतात. कलमाचं मागणं याहून फार वेगळं नाही. टीकेला बंदी कुठेच नाही. पाण्यावरून, कारखान्यांवरून खुशाल भांडा की!