प्लेगचा हिशेब



कुठलीही आरोग्याची मोहीम संपली की सरकार एक आकडा आपल्या अंगावर फेकतं. एवढ्या गोळ्या वाटल्या, एवढ्या सुया टोचल्या, एवढे संडास बांधले. आपण एक तर टाळ्या पिटतो, नाही तर शिव्या देतो. तो आकडा उलटा करून बघायला मात्र शिकलो नाही.

मी साच्यावर उभा राहणारा माणूस. ताका उतरला की किती वार भरला ते मोजतात, पण तेवढ्यावर काम भागत नाही. फोल्डिंगला ताका उलगडतात, उजेडात धरतात, तुटका तार, डाग, भोक हुडकतात. डॅमेज निघालं की बोलणी साचेवाल्यानं खायची. मग मला प्रश्न पडतो. आमच्या कापडाला एवढी तपासणी, आणि ज्या मोहिमेवर माणसाचं जगणं-मरणं ठरतं तिचे नुसते वार मोजायचे?

म्हणून आज एक जुना ताका उलगडू. मुंबईच्या प्लेगचा.

सप्टेंबर १८९६. मांडवीत धान्याची कोठारं, कोठारांत उंदीर, वर माणसं दाटीवाटीनं. तिथं डॉ. अकासियो व्हिएगस यांनी रोग ओळखला आणि प्लेग आहे म्हणून जाहीर केलं. पुढं काय झालं ते पाठ्यपुस्तकात दोन ओळींत आटोपतं. आपल्याला दोन ओळी पुरत नाहीत.

सगळ्यांची समजूत अशी की रोग घाणीतून उठतो. मग गटारांत समुद्राचं पाणी सोडलं. कार्बोलिक ॲसिड ओतलं. चाळींना चुना फासला, जमिनी उकरल्या, उजेड यावा म्हणून छपरं फोडली, गरिबाचं किडूकमिडूक जाळलं. माणसांना राहायला नालायक म्हणून घरांच्या भिंतींवर इंग्रजी अक्षरं रंगवली. आणि सगळ्याची नोंद झाली. किती पाणी, किती ॲसिड, किती घरं. वार भरले.

६ ऑक्टोबर १८९६ला म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी फर्मान काढलं: रोग्याला सक्तीनं इस्पितळात नेता येईल. आपल्या वस्तीतल्या माणसाला इस्पितळ म्हणजे परत न येण्याची जागा वाटायची. २९ ऑक्टोबरला हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. पुस्तकवाले त्यांना अडाणी म्हणतात. अडाणी असतील. पण मोहिमेची पहिली तपासणी त्यांनीच केली, दगडानं केली. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की आमचा माणूस आत जातो तो जिता बाहेर येत नाही. हाच तर इस्पितळाचा खरा आकडा!

फर्मान लगोलग सैल झालं. का? इथं थांबा, हे आपल्या उपयोगाचं आहे. स्नोसाहेबाला मोठी धास्ती होती हलालखोरांची, म्हणजे मैला उचलणाऱ्यांची. ते शहर सोडून पळाले तर मुंबई राहण्याजोगी उरणार नाही, हे त्याला पक्कं कळलं होतं. म्हणजे ज्याची सावली नको त्याच्या झाडूवर लाखो लोकांचं शहर उभं होतं, आणि संकट आलं तेव्हा सत्तेनं ते कबूल केलं. फक्त कबुली झाडूची होती. झाडू धरणाऱ्या हाताची नव्हती.

४ फेब्रुवारी १८९७ला साथरोगाचा कायदा आला. मार्चमध्ये जनरल गॅटेकर यांच्या हाती प्लेग कमिटी दिली. घरझडती, छावण्या, रेल्वेवर तपासणी सुरू झाली. उन्हाळा वाढला तसा प्लेग उतरला. कमिटीला वाटलं, आपण जिंकलो. आणि पुढच्या हिवाळ्यात प्लेग परत आला, पहिल्यापेक्षा मोठा होऊन.

कार्यकर्त्यांनो, ही गाठ पदराला बांधा. मोहीम झाली आणि रोग उतरला, म्हणून मोहिमेनं रोग उतरवला असं होत नाही. मुंबईचा प्लेग हिवाळ्यात चढायचा, उन्हाळ्यात उतरायचा. ऋतूचं श्रेय कमिटीनं घेतलं होतं. कोंबडं आरवलं म्हणून उजाडत नाही.

आता दुसरी गोष्ट. मेले किती? दफ्तरात प्लेगच्या नावानं जेवढे मेले तेवढेच नव्हे. घर फोडतील, छावणीत नेतील म्हणून लोक मढं लपवायचे, साधा ताप सांगायचे. मग कळलं कसं? शहाण्या माणसांनी दुसरी मोजणी केली: दरवर्षी या आठवड्यात एरवी किती माणसं मरतात आणि यंदा किती मेली. वरचा जो आकडा, त्यातला बराचसा प्लेगचाच. जुलूम वाढला की आकडा खोटा होतो, हे त्या मोजणीनं दाखवलं. भ्यालेला माणूस खरं सांगत नाही.

सगळेच आंधळे नव्हते, हेही लिहिलं पाहिजे. वाल्देमार हाफकिन नावाचा ज्यू शास्त्रज्ञ मुंबईत प्लेगची लस करत होता. १० जानेवारी १८९७ला त्यानं ती आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना. कैद्याच्या 'हो'ला किती किंमत, हा प्रश्न राहतोच. तो मी माफ करत नाही. पण हाफकिनची मोजण्याची रीत बघा. १८९८ साली बडोदा संस्थानातल्या उंढेरा गावात त्यानं एकेक कुटुंब घेतलं आणि कुटुंबातल्याच निम्म्यांना लस दिली, निम्म्यांना नाही. घर तेच, उंदीर तेच, भाकर तीच. फरक फक्त सुईचा. ज्या घरांत प्लेग शिरला तिथं लस न घेतलेले ६४ होते. त्यांतले २७ आजारी पडले, २६ मेले. लस घेतलेले ७१. त्यांतले ८ आजारी, ३ मेले. ह्याला म्हणतात उजेडात धरलेला ताका. नेमलेल्या प्लेग कमिशननं त्याच्या हिशेबात चुका काढल्या, पण लसीचा गुण त्यालाही मानावा लागला.

पुढं ३० ऑक्टोबर १९०२ला पंजाबात मुल्कोवालला एका बाटलीतून लस टोचलेले १९ लोक धनुर्वातानं मेले. खापर हाफकिनवर फुटलं, त्याचं काम सुटलं. १९०७ साली तो निर्दोष ठरला. चूक झाली तर ती कुठल्या हातात झाली हे शोधायचं, की सोयीचा माणूस हुडकायचा? तपासणी आणि सूड यांतला फरक इथं शिकावा.

आणि रोगाचं मूळ? १८९८ साली सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं सांगितलं, उंदराच्या अंगावरच्या पिसवा. फार कुणी ऐकलं नाही. १९०५नंतर परळच्या प्रयोगशाळेतल्या डॉक्टरांनी प्लेगच्या घरांत गिनीपिग ठेवून बघितले. पिसवा शिरणार नाहीत अशा बारीक जाळीतले वाचले, उघडे होते ते मेले. म्हणजे एवढं ॲसिड, एवढा चुना, एवढी जाळपोळ, आणि खरा मारेकरी उंदरावर बसून शेजारच्या चाळीत निघून गेलेला.

तिकडं १८९८च्या कायद्यानं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट आला. दाट वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे, हवा खेळवायची. पाडायचं काम झपाट्यानं झालं. बांधायचं मागं राहिलं. उठवलेला गरीब हवेत राहत नाही, तो शेजारच्या खोलीत दाटतो. एका वस्तीची गर्दी कमी झाली म्हणून मोजली, शेजारची वाढली ती मोजली कुणी? पुढं ट्रस्टनं चाळी बांधल्या. परळच्या अशाच एका बी.आय.टी. चाळीत बाबासाहेब १९१२ ते १९३४ राहिले. त्यांनी जगाचं अर्थशास्त्र वाचलं, आणि एका खोलीत किती माणसं निजतात हे पुस्तकाबाहेरही बघितलं.

पुण्यात आणखी एक मोजमाप होतं. यशवंतरावांच्या दवाखान्यात सावित्रीबाई रोग्यांची सेवा करत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातलं गायकवाडांचं पोर त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं, असं सांगतात. पोर वाचलं. १० मार्च १८९७ला सावित्रीमाय प्लेगनं गेली. ज्या पोराला शिवायला कुणी तयार नव्हतं ते जगलं की नाही, हाच त्या दवाखान्याचा हिशेब.

आता म्हणाल, हे जुनं झालं. मार्च २०२०मध्ये महाराष्ट्रात कोरोनाला आवरायला जो कायदा काढला तो हाच, १८९७चा. आणि २०१४ ते २०१९ या काळात देशात खेड्यापाड्यांत दहा कोटींवर संडास बांधल्याचा आकडा आला. संडास वाईट नाही. आमच्या आयाबायांना तो हवाच होता. पण ताका उलगडा: पाणी आहे का? लोक वापरतात का? पोरांची हगवण थांबली का? आणि खड्डा भरला की उपसायला कुणाला बोलावतात? २०१३च्या कायद्यानं माणसाकडून मैला उपसून घेणं गुन्हा आहे. तरी गटारात उतरून गुदमरलेल्या माणसाची जात विचारा. उत्तर बदललेलं नाही.

म्हणून सांगतो, वस्तीत नुसता मोर्चा काढू नका, वही काढा. काय वाटलं त्याशेजारी काय बदललं ते लिहा. आधी काय होतं तेही लिहा, नाही तर फरक कळणार कसा? आपल्या वस्तीशेजारी वरच्या आळीचंही लिहा. कोण आजारी पडलं, कोण मेलं, कुणाला मोजलंच नाही, नावानिशी लिहा. आणि मोहीम राबवताना कोण राबलं, त्याला हातमोजे मिळाले का, तेही.

प्लेगचा हिशेब साहेबानं मांडला, म्हणून हलालखोर त्यात झाडूएवढाच दिसतो. पुढचा हिशेब आपल्या हातानं मांडायचा आहे.

जय भीम.