एक... थांबा... एक, दोन

साधी पेपरक्लिप घ्यायची, सरळ करून यू आकारात वाकवायची आणि डॅशबोर्डखालच्या बारा पिनांच्या सॉकेटमध्ये 'ए' आणि 'बी' या दोन भोकांत खुपसायची. किल्ली ऑन, पण इंजिन बंद. आता समोरचा 'चेक इंजिन'चा दिवा लुकलुकायला लागतो. एकदा. जरा थांबतो. मग पटापट दोनदा. म्हणजे बारा.

१९८० च्या दशकातल्या जनरल मोटर्सच्या अमेरिकन गाड्या अशा बोलायच्या. मी दिवसभर लॉग वाचून पोट भरणारा माणूस, त्यामुळे हे कळलं तेव्हा सरळ प्रेमातच पडलो. ना स्क्रीन, ना कीबोर्ड. एक दिवा आणि मोजणारा माणूस, बस्स!

आणि तो बारा म्हणजे काय? तर 'डिस्ट्रिब्युटरकडून पल्स येत नाहीये'. अहो, इंजिन बंदच आहे, येणार कुठून! म्हणजे हा बिघाड नव्हेच, यंत्रणा जागी आहे एवढीच खूण. आमच्या भाषेत 'हॅलो वर्ल्ड'. बारा तीनदा, मग साठवलेला प्रत्येक कोड तीनदा, मग परत बारा. मोजताना चुकलात तर आणखी दोन संधी.

पण कंपन्यांना गाडी बोलकी करायची हौस कुठून आली? हौस नव्हतीच. लॉस एंजेलिसच्या हवेने डोळे चुरचुरायचे, त्याचं मूळ गाड्यांच्या धुरात आणि उन्हात आहे हे आरी हागेन-स्मिट या कॅल्टेकच्या प्राध्यापकाने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं. पुढे कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचा हाच पहिला अध्यक्ष. १९७० च्या कायद्याने धुरावर कडक मर्यादा आल्या आणि मग आला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. त्याचा तिहेरी अवतार मोठा नखरेल. वजनाने एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा हे प्रमाण सांभाळलं तरच नीट काम करणार. साध्या कार्बोरेटरला हे कुठलं जमायला! म्हणून एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर आणि त्याचं ऐकणारा कॉम्प्युटर आला. १९८१ च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सने तो आपल्या अमेरिकेतल्या जवळपास सगळ्या पेट्रोल कारमध्ये बसवला.

गोची अशी, की सेन्सर मेला तरी गाडी चालतेच. चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही, बिघडते ती हवा. म्हणून कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मॉडेलपासून नियम केला, की बिघाड गाडीनेच ओळखायचा आणि दिवा लावायचा. हा तो ओबीडी-१. माझ्या मते खरी गंमत इथे आहे. दिवा लागतो तुमच्या डोळ्यांसमोर, पण तो असतो मागे धूर खाणाऱ्या माणसासाठी.

बोलायचं कसं, हे मात्र कंपन्यांवर सोडलं. मग काय, अठरापगड भाषा! टोयोटात 'टीई१' आणि 'ई१' जोडा. होंडात दोन पिनांचा छोटा कनेक्टर शोधा. क्रायस्लरमध्ये किल्ली पाच सेकंदांत ऑन-ऑफ-ऑन-ऑफ-ऑन फिरवा, ५५ आला की संपलं. निसानच्या काही गाड्यांत कॉम्प्युटरवरचा स्क्रू पेचकसाने फिरवा. फोर्डला काटेवाला व्होल्टमीटर लावून काट्याचे झोके मोजायचे. (हे वाचून मी खरंच हसलो होतो.)

कोड वाचला की झालं, असंही नाही. जनरल मोटर्सचा ४४ म्हणजे 'एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन जास्त दिसतोय'. लोक लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलायचे. तो बिचारा बऱ्याचदा खरंच सांगत असायचा. फाटलेली व्हॅक्यूमची नळी, कमी पडलेला पेट्रोलचा दाब, नाहीतर सेन्सरच्या आधीच गळणारा एक्झॉस्ट. स्टॅक ट्रेसची शेवटची ओळ म्हणजे बग नव्हे, हे आमच्याकडेही नव्या पोरांना पटत नाही. असो.

१९९६ च्या मॉडेलपासून अमेरिकेत ओबीडी-२ सक्तीचा झाला. सोळा पिनांचं एकच सॉकेट आणि सामायिक कोड. पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, मग गाडी कुणाचीही असो. आपल्याकडे ओबीडी २०१० पासून टप्प्याटप्प्याने आला. तुमच्या गाडीतही हे सॉकेट बहुधा स्टिअरिंगखाली सापडेल, पण त्यात पेपरक्लिप घालू नका, एका पिनेत बॅटरीचा करंट कायम असतो. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला सगळ्या कंपन्यांची एक भाषा मिळाली, हे मोठंच काम झालं. पण रस्त्यात अडकलेल्याकडे स्कॅनर नसेल तर दिवा नुसताच जळत राहतो, काही सांगत नाही. हे मला अजून खटकतं.

एक पळवाट मात्र बंद झाली. जुन्या गाडीची बॅटरीची वायर थोडा वेळ काढली की कोड पुसले जायचे आणि धुराच्या चाचणीला दिवा विझलेला. ओबीडी-२ मध्येही कोड पुसता येतात, पण सोबत आतल्या तपासण्यांची नोंदही कोरी होते, आणि ती भरायला बरंच गाडी चालवावं लागतं. तोवर चाचणीवाल्याने स्कॅनर लावला की गाडी स्वतःच सांगून टाकते, 'माझी पाटी नुकतीच पुसलीय.'