तिरकमठ्याची दोरी

वर्गात मुलांना धनुष्य काढायला सांगून पाहा. बरीच मुले मध्ये दबलेले आणि टोकांना बाहेर वळलेले धनुष्य काढतील. कॅलेंडरवरच्या रामाच्या हातात तसेच तर असते! गडचिरोली जिल्ह्यातल्या माडिया गोंडांचा तिरकमठा मात्र साधा कमानदार असतो. बांबूची चीप, आणि दोरीही बांबूचीच. यांतले 'पुढारलेले' कोणते, असे विचारले तर मुले पहिल्याकडे बोट दाखवतील. हे उत्तर तपासून पाहण्यासारखे आहे.

टोके उलट वळवायची कशाला? दोरी ओढताना आपण केलेले काम धनुष्यात ऊर्जेच्या रूपाने साठते आणि सोडल्यावर त्यातले बरेचसे बाणाला मिळते. साध्या धनुष्यात ताण सावकाश वाढत जातो. उलट्या वळणाच्या धनुष्यात दोरी चढवतानाच दोन्ही बाहू बरेच वाकलेले असतात. त्यामुळे ओढायला सुरुवात करताच ताण झपाट्याने वाढतो. शेवटचा ताण सारखा असला तरी एकूण ऊर्जा जास्त भरते. म्हणून असे धनुष्य आखूड करता येते आणि घोड्यावरूनही चालवता येते. मध्य आशियातल्या घोडेस्वारांचे ते आवडते हत्यार होते.

पण एवढा बाक एकट्या लाकडाला सोसत नाही. म्हणून नेमबाजाकडच्या बाजूला शिंग लावत, कारण ते दाब सोसते. बाहेरच्या बाजूला जनावराच्या कंडरा लावत, कारण त्या ताण सोसतात. हे थर सरसाने जोडलेले असत. आणि ओलावा लागला की सरस सैल पडतो!

आता पूर्व विदर्भाचे जंगल डोळ्यांसमोर आणा. पावसाळ्याचे चार महिने सगळे भिजलेले. शिकार झाडीतून, पायी आणि जवळून. तिथे सरसाचे धनुष्य काय कामाचे? उलट मानवेल बांबू हाताशी आहे. बांबूच्या सालीलगत धागे दाट असतात, आत विरळ. या दाट थराची पट्टी काढली की झाली दोरी. ती फारशी ताणली जात नाही आणि चटकन पाणीही पीत नाही.

ही युक्ती जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणात ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशा चार प्रकारच्या धनुष्यांची नोंद आहे. दोऱ्यांच्या यादीत मूर्वा, रुई, ताग, स्नायू यांच्या जोडीला बांबूही आहे. म्हणजे राजाच्या शस्त्रागारात शिंग आणि बांबू शेजारी शेजारी होते. १८७१ साली निघालेल्या कॅप्टन फोर्सिथ यांच्या मध्य भारतावरील पुस्तकातही दोरीसकट बांबूच्या धनुष्यांचा उल्लेख येतो.

१९५० नंतर अमेरिकेत शिंगाची जागा काचतंतूंनी घेतली आणि आजचे 'रिकर्व्ह' घडले. त्या काळची धनुष्ये जपून वापरणारे हौशी लोक आहेत. तेही धनुष्य उन्हात तापू देत नाहीत, कारण थरांचा जोड सुटतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या चंद्रपुरात तर ही काळजी हवीच! आपल्याकडच्या राष्ट्रीय स्पर्धांत बांबूच्या धनुष्यासाठी 'इंडियन राउंड' हा वेगळा प्रकार आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आली. तिरकमठ्याची कारागिरी टिकायची तर बांबू मिळायला हवा. १९२७ च्या वन कायद्याने बांबूला 'झाड' ठरवले होते. २०१७ च्या दुरुस्तीने ते बदलले. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये ग्रामसभेला आपल्या बांबूचा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार. धनुष्य कोणाचे, हा प्रश्न असा बांबू कोणाचा इथवर येतो.

वर्गात करून पाहा. बांबूच्या चिपेचे धनुष्य करा. दोरीला स्प्रिंगकाटा अडकवून दर ५ सेंटिमीटरला ताण नोंदवा आणि आलेख काढा. आलेखाखालचे क्षेत्रफळ म्हणजे साठलेली ऊर्जा. बाण लावू नका, आणि रिकामी दोरी एकदम सोडूही नका: ऊर्जा न्यायला बाण नसेल तर ती धनुष्यालाच मोडते. मग सुती दोरी आणि बांबूची दोरी, दोन्ही रात्रभर पाण्यात ठेवून प्रयोग पुन्हा करा. कोणते धनुष्य कुठे चांगले, हे मुलांना आलेखावरून ठरवू द्या.